बालेवाडीच्या क्रीडा संकुलात शाळेचा संघ नेताना

पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडी येथे असलेल्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात स्पर्धेसाठी येणाऱ्या शालेय संघांचे नुकसान पुष्कळदा मैदानावर होतच नाही. ते चुकीच्या प्रवेशद्वारापाशी, बंद झालेल्या कॉल रूमच्या (शर्यतीपूर्वी खेळाडूंची हजेरी घेऊन त्यांना एकत्र करण्याच्या खोलीच्या) दाराशी किंवा बॅडमिंटन हॉलच्या उंबरठ्यावर रस्त्यावरचे बूट घालून उभ्या असलेल्या मुलाच्या बाबतीत होते. संकुलाचा विस्तार सुमारे दीडशे एकरांचा आहे. ॲथलेटिक्सचे मुख्य स्टेडियम, जलतरण तलाव, बॅडमिंटन हॉल, टेनिस स्टेडियम, कुस्तीचे सभागृह, नेमबाजीची रेंज, सायकलिंगचा वेलोड्रोम आणि हॉकीचे मैदान ही सर्व ठिकाणे एकाच आवारात असली, तरी प्रत्येकाचे दार, वेळापत्रक आणि नियम वेगवेगळे आहेत. आपल्या गावच्या एका मैदानावर जिल्हास्तरीय स्पर्धा उरकण्याची सवय असलेला शिक्षक येथे पहिल्यांदा संघ घेऊन येतो, तेव्हा त्याची गडबड नेमकी येथेच होते. ती टाळण्यासाठी कोणत्या क्रमाने काय करावे, ते पुढे दिले आहे. मांडणी शालेय संघाच्या व्यवस्थापकासाठी केलेली असली, तरी एकट्या मुलाला घेऊन येणाऱ्या पालकांनाही बहुतेक टप्पे लागू पडतील.

## टप्पा १: परिपत्रक आणि कार्यक्रमपत्रिका वेगवेगळ्या वाचाव्यात

स्पर्धेचे परिपत्रक आणि प्रत्यक्ष कार्यक्रमपत्रिका ही दोन स्वतंत्र कागदपत्रे आहेत. वयोगट, जन्मतारखेची मर्यादा, एका खेळाडूला किती प्रकारांत भाग घेता येईल आणि कोणती कागदपत्रे लागतील, हे परिपत्रकात असते. कोणता प्रकार कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोठे होणार, हे कार्यक्रमपत्रिकेत असते. अनेक शिक्षक परिपत्रकातील स्पर्धेचा दिनांक पाहून गाडी ठरवतात. उपस्थिती नोंदवणे, वजन घेणे किंवा व्यवस्थापकांची बैठक आदल्या दिवशी आहे, ही ओळ त्यांच्या नजरेतून सुटते.

कुस्ती, मुष्टियुद्ध, ज्युदो यांसारख्या वजनगटांच्या खेळांत ही चूक सर्वांत महाग पडते, कारण वजनाची वेळ टळली की खेळाडू बाद होतो आणि त्यावर विनंतीचा उपयोग नसतो. म्हणून कार्यक्रमपत्रिका हाती येताच प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे प्रकार, ठिकाण, उपस्थितीची वेळ आणि प्रत्यक्ष स्पर्धेची वेळ, असे चार रकाने आखून भरावेत. उपस्थितीच्या वेळेचा रकाना लाल शाईने लिहावा. पुढचे सर्व नियोजन त्याच रकान्यावर उभे राहणार आहे.

तपासणी: एकाच खेळाडूची दोन ठिकाणे किंवा दोन वेळा एकमेकींवर येत असतील, तर त्या ओळीवर खूण करावी. त्याचा उपाय सातव्या टप्प्यात दिला आहे.

## टप्पा २: कागदपत्रांची फाईल

फाईल शाळेच्या नावाने न लावता खेळाडूच्या नावाने लावावी. प्रत्येकाचा स्वतंत्र प्लॅस्टिक फोल्डर असावा आणि त्यात परिपत्रकात मागितलेली कागदपत्रे त्याच क्रमाने ठेवावीत: मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा प्रवेशअर्ज किंवा खेळाडू ओळखपत्र, जन्मदाखला, आधार कार्ड, आधीच्या स्तरावरील निकाल किंवा प्रमाणपत्र. मूळ प्रती एका पाकिटात आणि छायांकित प्रती दुसऱ्या पाकिटात असाव्यात. मूळ प्रत दाखवायची असते आणि छायाप्रत द्यायची असते. टेबलापाशी घाई झाली, की नेमके उलटे घडते आणि मूळ जन्मदाखला दुसऱ्याच जिल्ह्याच्या गठ्ठ्यात जातो.

सर्वाधिक अडचण नावाच्या लेखनात येते. जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे आणि शाळेच्या नोंदवहीत तिसरे असे आढळले, तर आक्षेप घेणाऱ्या दुसऱ्या संघाला आयते निमित्त मिळते. ही तफावत निघण्याच्या आदल्या रात्री दुरुस्त करता येत नाही. त्यासाठी निदान पंधरा दिवस आधी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षरशः बोट ठेवून वाचावी.

सावधगिरी: शिक्का अर्धा छायाचित्रावर आणि अर्धा कागदावर असावा. छायाचित्र नंतर चिकटवलेले आणि शिक्का बाजूला असेल, तर ओळखपत्र परत केले जाण्याची शक्यता असते.

## टप्पा ३: मैदानानुसार साहित्य

हा टप्पा मोठा आहे आणि तो मोठाच असायला हवा. साहित्याची एकच सरसकट यादी करू नये, कारण मुलांना जे मैदान ठाऊक असते त्यापेक्षा येथील पृष्ठभाग वेगळा असतो.

ॲथलेटिक्स. मातीच्या मैदानावर सराव केलेल्या मुलांच्या बुटांना लांब खिळे असतात. सिंथेटिक ट्रॅकवर खिळा ९ मिलिमीटरपेक्षा अधिक बाहेर असता कामा नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. उंच उडी आणि भालाफेक या दोन प्रकारांना १२ मिलिमीटरपर्यंत मुभा आहे. एखादे संकुल आपल्या ट्रॅकच्या संरक्षणासाठी याहून लहान खिळ्यांचा आग्रह धरू शकते, म्हणून लहान खिळ्यांचा एक संच आणि ते फिरवण्याची किल्ली सोबत असावी. किल्ली न आणल्यामुळे दातांनी किंवा पकडीने खिळे काढू पाहणारी मुले मी स्वतः पाहिली आहेत. गंजलेला खिळा स्पर्धेच्या सकाळी निघत नाही. तो घरीच काढून, आट्यांना थेंबभर तेल लावून पुन्हा बसवावा.

ज्यांनी सिंथेटिक ट्रॅकवर कधीच पाऊल ठेवलेले नाही, त्यांनी पहिल्याच दिवशी स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) घालून पूर्ण वेगाने धावू नये. पृष्ठभाग पायाला उसळी देतो आणि पोटरीवर अनपेक्षित ताण येतो. ४०० मीटरपर्यंतच्या शर्यतींना स्टार्टिंग ब्लॉक, म्हणजे आरंभरेषेमागे पाय टेकण्यासाठी दोन पट्ट्या असलेली चौकट, सक्तीचा आहे. शाळेत ब्लॉक नसेल, तर जवळच्या तालुका किंवा जिल्हा संकुलात जाऊन निदान चार-पाच वेळा तरी त्यावरून सुरुवात करून घ्यावी आणि दोन्ही पट्ट्यांची अंतरे खेळाडूने स्वतःच्या पावलांत मोजून लक्षात ठेवावीत. पहिलाच चुकीचा आरंभ खेळाडूला बाद करतो, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगावे. गावाकडच्या स्पर्धांत मिळणारी दुसरी संधी येथे मिळेल, असे गृहीत धरून अनेक जण रेषेवर उभे राहतात.

रिलेच्या बाबतीत एक जुनी समजूत अजून टिकून आहे. ४ × १०० मीटर रिलेत बॅटन देण्याचा पट्टा आता ३० मीटरचा आहे. आधी १० मीटरची धाव आणि मग २० मीटरचा पट्टा, ही पद्धत बदलून बरीच वर्षे झाली. जुन्या हिशेबाने सराव केलेला संघ बाद होत नाही, परंतु वापरता येण्याजोगे अंतर वाया घालवतो. आपल्या लेनमध्ये धाव सुरू करण्याची खूण म्हणून जास्तीत जास्त ५ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर लांब अशी एकच चिकटपट्टी लावता येते. खडू चालत नाही. त्यामुळे रंगीत चिकटपट्टीचे एक रीळ व्यवस्थापकाच्या खिशात असावे.

छाती क्रमांकासाठी प्रत्येक धावपटूला चार सेफ्टी पिना द्याव्यात आणि राखीव म्हणून शंभराची एक पुडी ठेवावी. दोनच पिनांवर लोंबकळणारा कागद वाऱ्याने उलटतो आणि निकाल टिपणाऱ्या पंचांना क्रमांक वाचता येत नाही.

जलतरण. ५० मीटरच्या तलावात प्रथमच उतरणाऱ्या मुलाला भिंत येतच नाही असे वाटते. २५ मीटरच्या तलावात वळणावर मिळणारी विश्रांती येथे निम्म्याने कमी होते, म्हणून सुरुवातीचा वेग शिक्षकांनी आधीच ठरवून द्यावा. पोशाख कापडी असावा. मुलांचा पोशाख बेंबीच्या वर किंवा गुडघ्याच्या खाली जाणारा नसावा. मुलींचा पोशाख मान झाकणारा, खांद्यापलीकडे किंवा गुडघ्याखाली जाणारा नसावा. दोन टोप्या, दोन गॉगल, दोन टॉवेल आणि कोरड्या कपड्यांचा स्वतंत्र संच, एवढे प्रत्येकाकडे असावे. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी ओल्या अंगाने अर्धा तास बसलेला मुलगा पुढच्या प्रकारात हातपाय आखडून उतरतो.

बॅडमिंटन. हॉलमध्ये फक्त खूण न उमटवणाऱ्या तळव्यांचे बूट चालतात. ते बूट पिशवीतून आणावेत आणि हॉलच्या दारात घालावेत. रस्त्यावरून घालून आणलेल्या बुटांच्या तळव्यातील बारीक खडी कोर्टवर आली, की तेथे घसरणारा पहिला पाय आपल्याच खेळाडूचा असू शकतो. नायलॉनच्या फुलावर (शटलवर) सराव केलेल्या मुलांनी निदान आठवडाभर पिसांच्या फुलावर खेळून यावे, कारण पिसांचे फूल शेवटी झपकन मंदावते आणि मागच्या रेषेवरचे सगळे अंदाज चुकतात. मोठ्या हॉलच्या उंच छतामुळे उंचावरून येणाऱ्या फुलाची खोली ओळखणेही आरंभी जड जाते. सरावाची वेळ मिळाल्यास ती स्मॅशवर न घालवता उंच फटके घेण्यावर खर्च करावी.

कुस्ती. कोल्हापूर-सांगलीकडची आणि एकूणच तालमीतली मुले मातीवर अनवाणी खेळलेली असतात. गादीवर बुटांनिशी खेळताना पाय रुतत नाही, तो पकडून बसतो, आणि पलटी घेताना गुडघा अडकतो. नवे बूट घालून थेट स्पर्धेत उतरणे हा दुखापतीला दिलेला हात आहे. किमान पंधरा दिवस गादीवर बुटांसह सराव व्हावा. नखे कापलेली असावीत. त्वचेवर गजकर्ण किंवा दुसरा संसर्ग असेल, तर वैद्यकीय तपासणीत खेळाडूला थांबवले जाते, म्हणून तीन आठवडे आधी प्रत्येकाची त्वचा पाहून गरज पडल्यास डॉक्टरांकडे न्यावे. वजन उतरवण्यासाठी आदल्या दिवशी पाणी तोडण्याचा प्रकार शाळकरी वयात कोणत्याही परिस्थितीत करू नये. त्या वजनगटात मूल बसत नसेल, तर वरच्या गटात नाव द्यावे.

नेमबाजी. रायफल किंवा पिस्तूल पेटीतून काढण्याची परवानगी मिळेपर्यंत पेटी बंदच ठेवावी आणि नळीत सुरक्षा-दोरी घातलेली असावी. वसतिगृहाच्या खोलीत किंवा व्हरांड्यात नेम धरून पाहणे हा खेळाडूला घरी पाठवण्याइतका गंभीर नियमभंग आहे, हे मुलांना निघण्यापूर्वी स्पष्ट शब्दांत सांगावे.

तपासणी: निघण्याच्या आदल्या दिवशी शाळेत प्रत्येक मुलाची पिशवी रिकामी करून, यादीशी ताडून पुन्हा भरून घ्यावी. आईने भरलेली पिशवी मुलाला माहीत नसते.

## टप्पा ४: प्रवास आणि मुक्काम

मुंबईकडून द्रुतगती मार्गाने येणाऱ्या गाड्या पुणे शहरात न शिरता बाह्यवळण महामार्गाने वाकडवरून थेट बालेवाडीला पोहोचू शकतात. साताऱ्याकडून येणाऱ्यांनाही हाच महामार्ग सोयीचा आहे. पुणे रेल्वे स्थानकापासून संकुल सुमारे १५ किलोमीटरवर आहे. हे अंतर पहाटे आणि सकाळी नऊ वाजता सारखे नसते. हिंजवडीला जाणाऱ्या नोकरदारांच्या गर्दीमुळे वाकड आणि बालेवाडीच्या परिसरात सकाळ-संध्याकाळ वाहने खोळंबतात. शहराच्या मध्यवर्ती भागात नातेवाइकांच्या ओळखीने स्वस्त खोली मिळाली, म्हणून तेथे मुक्काम करणाऱ्या संघाची दोन सकाळी वाहतुकीतच जातात. संकुलातील वसतिगृहात किंवा आयोजकांनी दिलेल्या ठिकाणी सोय असेल, तर तीच घ्यावी. ती नसेल, तर बाणेर, बालेवाडी किंवा वाकड याच पट्ट्यात राहावे.

सावधगिरी: स्पर्धेच्या दिवशी पहाटे गावाहून निघून थेट मैदानात उतरण्याचा बेत आखू नये. रात्रभर एसटीत मान वाकडी करून झोपलेला मुलगा सकाळी ताजातवाना दिसतो आणि दुपारच्या फेरीत ढेपाळतो.

## टप्पा ५: आदल्या दिवशी पायी फेरी

हा टप्पा सर्वांत जास्त गाळला जातो आणि माझ्या मते सर्वांत जास्त उपयोगी पडतो. पोहोचल्यावर नोंदणी आटोपली, की पूर्ण संघाला घेऊन संकुलात पायी फिरावे. नकाशा फलकावर पाहून समाधान मानू नये. आपल्या खेळाडूंशी संबंधित प्रत्येक ठिकाणी जावे आणि चार गोष्टी प्रत्यक्ष पाहाव्यात: खेळाडूंचे दार कोणते, कॉल रूम किंवा उपस्थितीचे टेबल कोठे आहे, सरावाला जागा कोणती आणि स्वच्छतागृह कोठे आहे. प्रेक्षकांचे दार आणि खेळाडूंचे दार बहुधा वेगळे असते. गॅलरीच्या दाराने आत गेलेल्या खेळाडूला पुन्हा बाहेर येऊन पूर्ण वळसा घालावा लागतो.

मुक्कामापासून प्रत्येक ठिकाणापर्यंत चालायला किती मिनिटे लागली, ते वहीत लिहावे. ही चाल सर्वांत लहान मुलाच्या पावलांनी मोजावी. मुख्य स्पर्धेच्या ट्रॅकवर स्पर्धेच्या दिवशी सराव करू देतीलच, असे समजू नये. सरावाची जागा वेगळी असेल, तर तेथून कॉल रूमपर्यंतचे अंतरही मोजावे.

तपासणी: फेरी संपल्यावर दोन मुलांना एकत्र कॉल रूमकडे पाठवावे आणि आपण मागे थांबावे. ती न विचारता पोहोचली, तर वाट कळली.

## टप्पा ६: उलटे वेळापत्रक

स्पर्धेची वेळ धरून पुढे मोजत जाऊ नये. उपस्थितीच्या वेळेपासून मागे मोजत यावे. समजा, १०० मीटरची हीट (प्राथमिक फेरी) ९.३० वाजता आहे आणि उपस्थिती ९.१० ला आहे. कॉल रूमपर्यंत चालणे आणि स्वच्छतागृह यांसाठी १५ मिनिटे धरली, तर सराव ८.५५ ला संपला पाहिजे. सकाळ थंड असल्याने सरावाला ४५ मिनिटे द्यावीत, म्हणजे तो ८.१० ला सुरू व्हावा. कपडे बदलणे, क्रमांक लावणे आणि लेनची यादी पाहणे यांसाठी अर्धा तास धरला, तर संकुलात ७.४० ला असायला हवे. न्याहारी धावण्यापूर्वी तीन तास, म्हणजे ६.३० ला उरकावी आणि त्यासाठी मुलांनी ५.४५ ला उठावे. हा हिशेब प्रत्येक खेळाडूसाठी वेगळा निघतो, म्हणून तो प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र चिठ्ठीवर द्यावा.

एका विभागीय स्पर्धेत मी एका मुलीला तिची शर्यत साडेनऊला आहे, एवढेच सांगितले होते. तिने ते नीट लक्षात ठेवले. मैत्रिणीचा प्रकार पाहायला ती तलावाकडे गेली आणि नऊ वाजून वीस मिनिटांनी धावत आली, तेव्हा तिच्या गटाची नावे पुकारून झाली होती आणि मुली रांगेने ट्रॅककडे निघाल्या होत्या. वर्षभराची तिची मेहनत माझ्या अपुऱ्या वाक्यामुळे गेली. तेव्हापासून मी मुलांना स्पर्धेची वेळ सांगतच नाही. चिठ्ठीवर मी फक्त कॉल रूमची वेळ लिहितो.

न्याहारीत पोहे, उपमा, केळे किंवा भाकरी-भाजी असे रोजच्या सवयीचे अन्न असावे. वडापाव, मिसळ आणि बाहेरील थंड पेये परतीच्या प्रवासासाठी ठेवावीत. ऑक्टोबरमध्ये स्पर्धा असेल, तर दुपारी सिंथेटिक ट्रॅक चटका देण्याइतका तापतो. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात मुले सावलीत, पायांत चपला घालून बसलेली असावीत आणि तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी पीत राहावीत.

## टप्पा ७: एकाच वेळी दोन ठिकाणी

येथे दोन वेगवेगळ्या अडचणी आहेत. पहिली व्यवस्थापकाची असते. तलावावर एक मूल, ट्रॅकवर दुसरे आणि बॅडमिंटन हॉलमध्ये तिसरे असेल, तर एका शिक्षकाने तिन्हीकडे पळापळ करू नये. प्रत्येक ठिकाणी एक जबाबदार व्यक्ती बसवावी. ती व्यक्ती पालक असली तरी चालते, मात्र तिच्याकडे खेळाडूचा फोल्डर, चिठ्ठी आणि पाणी असावे आणि तिने जागा सोडू नये. व्यवस्थापकाने स्वतः अशा ठिकाणी थांबावे, जेथे हरकतीचा किंवा कागदपत्रांचा प्रश्न उद्भवण्याची शक्यता अधिक आहे. मुलींच्या संघासोबत महिला शिक्षिका किंवा महिला पालक असणे बंधनकारक समजूनच निघावे.

दुसरी अडचण खेळाडूची असते. लांब उडीच्या फेऱ्या चालू असतानाच २०० मीटरची हीट पुकारली जाते. अशा वेळी मुले घाबरून एक प्रकार सोडून देतात. तसे करण्याची गरज नसते. खेळाडूने किंवा व्यवस्थापकाने उडीच्या पंचांना आधी कळवले, तर एका फेरीपुरता क्रम बदलून उडी आधी घेण्याची परवानगी देण्याचा अधिकार पंचांना असतो. शेवटच्या फेरीत मात्र असा बदल मिळत नाही. न सांगता निघून गेलेल्या खेळाडूची पाळी आली आणि वेळ संपली, तर ती उडी त्याने सोडली, असे धरले जाते. त्याचा प्रकार त्यामुळे संपत नाही. परत येऊन पुढच्या फेरीत तो उडी घेऊ शकतो, आणि हेच बहुतेकांना ठाऊक नसते.

सावधगिरी: कॉल रूममध्ये मोबाइल, इअरफोन आणि स्मार्ट घड्याळ नेऊ देत नाहीत. ते आधीच शिक्षकांकडे जमा करावेत. त्यावर वेळ पाहणार असलेल्या मुलाच्या मनगटावर साधे घड्याळ असावे.

## टप्पा ८: हरकत घ्यायची असेल तर

निकालाबद्दल शंका असेल, तर पालकांनी किंवा मुलांनी पंचांशी हुज्जत घालू नये. ॲथलेटिक्समध्ये निकाल अधिकृतपणे जाहीर झाल्यापासून ३० मिनिटांच्या आत प्रथम पंचप्रमुखांकडे तोंडी हरकत नोंदवता येते. त्यांचा निर्णय मान्य नसेल, तर लेखी अपील ठरलेल्या शुल्कासह करता येते. जलतरणातही लेखी हरकतीसाठी तो प्रकार संपल्यापासून अर्ध्या तासाचीच मुदत असते. म्हणून कोरा कागद, पेन आणि परिपत्रकात नमूद केलेली शुल्काची रक्कम रोख स्वरूपात जवळ असावी. हरकतीत घटना, वेळ, लेन किंवा कोर्ट क्रमांक आणि मोडलेला नियम एवढेच लिहावे. आपला खेळाडू किती गुणी आहे आणि किती लांबून आला आहे, याचा त्यात उल्लेख करू नये.

## टप्पा ९: निघण्यापूर्वी

प्रमाणपत्र हाती आले, की ते फायलीत घालण्याआधी तेथेच उभे राहून वाचावे. नावाचे लेखन, वयोगट, प्रकार, क्रमांक, दिनांक आणि सही-शिक्का, एवढ्या सहा गोष्टी पाहाव्यात. दहावी-बारावीला मिळणाऱ्या क्रीडा गुणांच्या प्रस्तावाला हेच प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यावरील चूक टेबल मांडलेले असेपर्यंत पाच मिनिटांत दुरुस्त होते, नंतर त्यासाठी पत्रव्यवहार करत बसावे लागते. प्रमाणपत्राचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे.

त्यानंतर मूळ कागदपत्रांची पाकिटे मोजावीत, वसतिगृहाच्या खोलीतील खाटांखाली वाकून पाहावे आणि गाडीत बसल्यावर मुलांची गणती नावे पुकारून करावी. डोकी मोजू नयेत, कारण शेजारच्या शाळेचा एखादा मुलगा गप्पांच्या नादात आपल्या गाडीत बसलेला असतो आणि आकडा बरोबर येतो.